घोडपदेवचं विंच आणि लालबागची कमान

एप्रिल उतरणीला लागला की हिंदमाताच्या चौकात बांबू येऊन पडतात. मग फळ्या, मग कापड, मग ज्यांनी कापड दिलं त्यांचे फोटो. महाराष्ट्र दिन जवळ आला हे मला कॅलेंडरच्या आधी या ढिगावरून कळतं. मजकूर दर वर्षी साधारण तोच असतो, फोटो तेवढे वाढत जातात. म्हणून मी वर बघत नाही. कमान कोण उभी करतंय आणि कशाने, एवढंच बघते.

यंदा एक जीप आली होती. तिच्या पुढच्या बंपरवर विजेचं विंच बसवलेलं. म्हणजे एक मोटर, तिला जोडलेला ड्रम आणि ड्रमवर गुंडाळलेला तारेचा दोर. जीपवाल्याने हातातलं बटण दाबलं, दोर ताणला गेला आणि लोखंडी सांगाडा रस्त्यावरून उठायला लागला. इंजिन मात्र बंद होतं. मी साडीच्या दुकानाच्या पायरीवरूनच म्हटलं, "अहो, इंजिन चालू ठेवा. बॅटरी बसेल."

त्याने मान वळवली. "मावशी, साड्या आत आहेत."

"साडी घेऊन झाली. बॅटरी बसली तर कमान रस्त्यात आडवी राहील."

तो हसला, पण किल्ली फिरवली. मी पिशवी सावरून निघाले. घर दहा मिनिटांवर, पण वाटेत मनात घोडपदेव लागलं आणि त्यातून बाहेर पडायला मला बराच वेळ गेला.

घोडपदेवला, चाळींच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये माझ्या वडिलांचं गॅरेज होतं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. वैशाखात तो पत्रा इतका तापायचा की वर बसलेला कावळा एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारायचा. आत बॅटरीच्या ॲसिडचा आंबूस वास, ग्रीसचा वास आणि भिंतीला टेकवलेल्या माठातलं गार पाणी. दादांचे भागीदार शिवरामकाका. दादा ठाकूरद्वारच्या कारकुनांच्या घरातले, काका परळच्या गिरणीवाल्या चाळीतले. लढाईच्या काळात दोघे एकाच लष्करी वर्कशॉपमध्ये नोकरीला होते, तिथली ओळख. लढाई संपली, लष्कराचं सामान विकायला निघालं, तेव्हा दोघांनी मिळून एक ट्रक घेतला. दादांनी घरी सांगितलं की आता कारकुनी करणार नाही. आमच्या घरात तीन पिढ्यांत कुणी असं बोललं नव्हतं. आजोबा दिवसभर जेवले नाहीत, असं आई सांगायची. पण संध्याकाळी त्यांनी भेळ मागवली, हेही तीच सांगायची.

त्या जातीच्या ट्रकांवर विंच असलंच तर ते इंजिनाच्या ताकदीवर चालणारं असायचं. आमच्यावरचं बॅटरीवर चालायचं. ते कुठल्या सामानातून काढून कुणी बसवलं होतं कोण जाणे. दादा आणि काकांनी ते उघडून, पुसून, पुन्हा जोडून त्याचा स्वभाव ओळखला होता. गटारात गेलेली लॉरी, गिरणीच्या आवारात अडकलेला बॉयलर, सभेसाठी उभारायचे खांब, सगळं ते ओढायचं.

संयुक्त महाराष्ट्राच्या त्या वर्षांत शहर कितीदा बंद पडलं याचा हिशेब मी ठेवला नाही. हरताळ जाहीर झाला की गॅरेजचं दार ओढलं जायचं आणि आत विंचची देखभाल सुरू व्हायची. गाडी कुठे न्यायचीच नव्हती, मग करणार काय? बाहेर घोषणा, दूर कुठे शिट्ट्या आणि धावपळ, कधी डोळ्यांना झोंबणारा धूर. आत दोन माणसं वर्तमानपत्रावर मांडी घालून बसलेली. दादांकडे बॅटरी. तिच्यात शुद्ध पाणी घालायचं, टोकांवर साठलेली पांढरी बुरशी सोड्याच्या गरम पाण्याने धुवायची, व्हॅसलिन लावायचं. काकांकडे मोटर. तिच्यातले कार्बनचे ब्रश झिजलेत का बघायचं आणि ते ज्या तांब्याच्या गोलावर घासतात तो काचपेपरने उजळायचा. काचपेपरनेच, एमरी पेपरने नाही. एमरीची पूड वीज वाहून नेते आणि मग मोटर आतल्या आत जळते. हे काका मला दर हरताळाला नव्याने सांगायचे. दोर दोघांनी मिळून बघायचा, तेलाच्या फडक्याने पुसत. फडकं अडकलं की तिथे तार तुटली आहे असं समजायचं.

त्या चळवळीने राज्य दिलं हे सगळेच सांगतात. तिने आमचं विंच उत्तम राखलं, हे सांगणारी मी बहुधा एकटीच.

मग राज्य मिळणार हे ठरलं आणि हरताळ थांबले. देखभालीचे दिवसही त्यांच्याबरोबर गेले. त्यांच्या जागी रंगकाम आलं.

पहिला रंग काकांनी दिला. एप्रिलमध्ये जयंतीची मिरवणूक असते. काका आणि त्यांचं सगळं घर काही वर्षांपूर्वी बौद्ध झालं होतं आणि त्या वर्षी मिरवणुकीत आमचा ट्रक पुढे असणार होता. लष्करी हिरव्या रंगाचा काकांना आधीपासून राग. "इंग्रज गेला, त्याचं शेवाळं अजून अंगावर," असं ते म्हणायचे. दादा तेव्हा कुणाच्या लग्नाला पनवेलला गेले होते. ते परत आले तेव्हा ट्रक निळा झाला होता. दादांनी ट्रकभोवती एक फेरी मारली. पण ज्या गाडीत आपला निम्मा वाटा आहे ती आपल्याला न विचारता निळी होते, हे त्यांच्या पोटात राहिलं.

दुसरा रंग दादांनी दिला. लालबागच्या उत्सव समितीने मोठी कमान उभारायचं ठरवलं होतं. समितीचे अध्यक्ष तात्यासाहेब. अंगात कडक इस्त्रीचा कोट, डोक्यावर टोपी. घामाने टोपी खाली घसरायची आणि ते ती एका बोटाने मागे ढकलायचे. कमानीवर राज्याचं स्वागत होतं आणि त्याच्या खाली, थोड्या मोठ्या अक्षरांत, तात्यासाहेबांचं नाव होतं. कमान उभी करायचं काम आमच्याकडे आलं आणि तात्यासाहेब सहज म्हणाले, ट्रकचं तोंड भगवं असतं तर शोभलं असतं. दादांनी काकांना विचारलं नाही. ट्रकचा पुढचा भाग, विंचसकट, भगवा झाला.

काका सकाळी आले. ट्रककडे बघितलं, मग दादांकडे.

"वसंता, कुणाला विचारलंस?"

"तू कुणाला विचारलं होतंस?"

एवढंच. त्यानंतर दोघे एकमेकांशी बोलेनासे झाले. इंटर सायन्सची माझी परीक्षा नुकतीच संपली होती आणि घरात बसवत नव्हतं म्हणून मी रोज ट्रामने गॅरेजवर जायची. दोघांमधली तार मीच झाले.

"कुंदे, तुझ्या दादांना सांग, दहा नंबरचा पाना दे."

"कुंदा, काकांना सांग, त्यांच्या बुडाखाली आहे."

हे सगळं नुसतं मजेचं राहिलं असतं, पण ठाकूरद्वारच्या अण्णांनी संधी साधली. अण्णा दादांचे थोरले भाऊ, जहाज कंपनीत हेडक्लार्क. इतकी वर्षं ते दादांसाठी एक खुर्ची धरून बसले होते, असं ते स्वतःच म्हणायचे. ती खुर्ची आता खरोखर रिकामी झाली होती. मेच्या पहिल्या सोमवारी रुजू व्हायचं. आणि दादांनी, रागाच्या भरात की थकून, कबूल केलं. मग काकांच्या समोर, पण माझ्याकडे बघत, म्हणाले, "कुंदा, काकांना सांग. लालबागची कमान उभी केली तर पुढचं बघू. नाही झाली तर ट्रक विकायचा. मी खुर्चीवर जातो, त्यांनी गिरणीत जावं."

काका माझ्याकडेच बघत म्हणाले, "सांग त्यांना, मंजूर."

मी अण्णांचं ऑफिस पाहिलं होतं. उंच छत, हळू फिरणारे पंखे आणि मान खाली घातलेल्या माणसांच्या रांगा. दादांचा पाना बॅटरीच्या टोकाला लागून ठिणगी उडाली की ते "अगं आई" म्हणून हसायचे. त्या रांगेत ते कशाला हसणार, हे मला सुचेना. मला ते तिथे नको होते. त्या उन्हाळ्यात मी एवढीच एक इच्छा केली.

तालीम घोडपदेवलाच ठेवली होती, वखारीच्या मोकळ्या जागेत. तात्यासाहेब चार माणसं घेऊन आले. रिकाम्या हुकाने विंच झकास फिरलं, ड्रम गुणगुणला. मग कमानीचा सांगाडा अडकवला, बटण दाबलं. सांगाडा वीतभर उचलला गेला, मोटर कण्हली आणि थांबली. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

तात्यासाहेबांनी टोपी मागे ढकलली. "डिस्पोजलचा माल," ते म्हणाले. "शेवटी भंगार ते भंगारच. परवा सकाळपर्यंत पाहू, नाहीतर मी क्रेन सांगून ठेवतो."

ते गेले. माठातलं पाणी पिऊन दादांनी कपाळ पुसलं आणि म्हणाले, "कुंदा, काकांना सांग, मोटर बघा."

"कुंदे, त्यांना सांग, आधी बॅटरी बघ."

बॅटरी पाहिली. ठणठणीत. इंजिन चालू होतं, डायनॅमो तिच्यात वीज भरत होता. टोकं धुतली, आवळली. तेच. मोटर उघडली. ब्रश चांगले, तांबं उजळ. मोठी वीज जोडणारा डबीसारखा स्विच उघडला. आतले ठिपके थोडे काळवंडले होते, ते घासले. तेच. गिअरमधलं तेल पाहिलं, दोर पूर्ण सोडून पाहिला. रिकामं विंच गाणं म्हणायचं आणि वजन आलं की गप्प व्हायचं. दादांची शोधायची रीत ठरलेली, आधी स्वस्त संशय, मग महाग. स्वस्त संशय सगळे संपले होते. आता मोटर आतून जळली आहे, असं मानायचंच राहिलं होतं, आणि तशी मोटर दुसरी मिळणार नव्हती.

मग दादांनी दिवा काढला. डॅशबोर्डमधला छोटा बल्ब, दोन वायरी, टोकांना चिमटे. वीज ज्या वाटेने जाते त्या वाटेच्या दोन टोकांना तो लावायचा आणि विंचवर वजन घ्यायचं. वाट चांगली असेल तर वीज वाटेनेच जाते, दिवा विझलेला राहतो. कुठे अडथळा असेल तर दिवा लागतो. बॅटरीपासून मोटरपर्यंत लावला. काका बटणावर. दिवा विझलेलाच.

"वाट साफ आहे," दादा म्हणाले आणि चिमटे काढायला लागले.

पुस्तक नुकतंच पाठ केलेलं होतं, म्हणून मी विचारलं, "आणि परतीची?"

"परतीची काय? परत येते ती चासीतून, गाडीच्या सांगाड्यातून. एवढं लोखंड आहे."

"तरी लावून बघ ना," काका म्हणाले. ते दादांना म्हणाले होते, थेट. तोंडातून गेल्यावर त्यांच्याही लक्षात आलं, ते खोकले.

एक चिमटा मोटरच्या अंगाला, दुसरा बॅटरीच्या अर्थिंगच्या टोकाला. काकांनी बटण दाबलं, मोटर कण्हली आणि दिवा लागला. अंधूक नाही, चांगला लागला. भर दुपारी त्या शेडमध्ये तो तिघांच्या चेहऱ्यावर दिसत होता.

बॅटरीची एक जाड पट्टी बोल्टाने चासीवर आवळलेली असते. वीज परत येते ती तिथून. काकांनी पाना लावला, बोल्ट काढला, पट्टी उचलली. पट्टीखाली लोखंड नव्हतं. रंग होता. गुळगुळीत, जाड, व्यवस्थित हात फिरवलेला. वीज बिचारी बोल्टाच्या आट्यांमधून जमेल तेवढी घुसत होती. रिकाम्या ड्रमला तेवढी पुरे, कमानीला नाही.

दादांनी चाकूने खरवडलं. आधी भगवं निघालं. त्याच्याखाली निळं.

दादांनी चाकू खाली ठेवला. मग काका म्हणाले, "पट्टी काढून खालूनसुद्धा रंग दिलास?"

"नुसता वरून कसा देणार? काम अर्धवट दिसलं असतं." दादा थांबले. "तू?"

"मी पण काढूनच दिला होता."

तो कामचुकारपणा असता तर गोष्ट वेगळी झाली असती. कुणी दुसऱ्या रंगाऱ्याने पट्टीवरूनच ब्रश फिरवला असता आणि विंच बिनतक्रार चाललं असतं. या दोघांनी आपापला रंग इतका मनापासून दिला होता की ट्रकची वीज अडली. आधी काका हसले. मग दादा. दादांना हसता हसता बसावं लागलं, तेही ॲसिडच्या फडक्यावर, आणि काका ओरडले, "अरे वसंता, ऊठ, विजार जाईल!" विजार गेलीच.

लोखंड चांदीसारखं उघडं होईपर्यंत घासलं, पट्टी आवळली, वरून ग्रीस. रंग पुन्हा दिला नाही. हुक वखारीच्या लोखंडी खांबाला अडकवला. बटण दाबलं तेव्हा खांब हलायचा प्रश्नच नव्हता; चाकांपुढचे दगड रेटत आमचा ट्रकच खांबाकडे निघाला. काकांनी बटण सोडलं आणि दादांच्या पाठीत असा धपाटा घातला की मला वाटलं, आता मोटर दुरुस्त झाली आणि दादा बिघडले.

लालबागच्या नाक्यावर त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्या, गच्च्या, ट्रामचा थांबा, सगळं भरलेलं. आधी नारळ फोडायचा होता. तात्यासाहेबांनी नारळ काकांपुढे धरला. काका शांतपणे म्हणाले, "मी फोडत नाही साहेब. नारळ तुम्ही फोडा, दोर मी बघतो. पाणी मात्र मोटरवर नको." तात्यासाहेबांचा चेहरा आकसला, पण दादा म्हणाले, "बरोबर आहे, पाणी चालत नाही," आणि नारळ रस्त्यावर फुटला.

बटण तात्यासाहेबांनाच दाबायचं होतं. दाबलं. दोर खांबावरच्या कप्पीतून ताणला, दोर तुटला तर उसळून कुणाला लागू नये म्हणून त्याच्यावर ओली पोती टाकलेली, आणि ती प्रचंड कमान मान उचलायला लागली. बाजूचे दोर गिरणीवाल्यांनी धरले होते. नाक्यावर एक मोठा श्वास घेतला गेला. मग काका ओरडले, "सोडा!"

असल्या मोटरला दमानं घ्यावं लागतं. थोडं ओढायचं, थोडं थांबायचं, तापली की थंड होऊ द्यायची. ब्रेक धरून कमान तिरकी लटकत राहिली. या विसाव्यात तात्यासाहेबांना भाषण सुचलं. "बंधूंनो आणि भगिनींनो, आज या ऐतिहासिक..."

काकांनी हाताची मागची बाजू मोटरला लावली. "झाली थंड. दाबा."

दाबलं. कमान आणखी वर. "सोडा!"

"...या ऐतिहासिक क्षणी माझ्यासारख्या एका नम्र..."

"दाबा साहेब!"

मी पुढे आयुष्यात पुष्कळ भाषणं ऐकली. मोटरच्या तापमानावर चाललेलं भाषण तेवढं एकच, आणि तेच सर्वांत चांगलं होतं. दोन-तीन विसाव्यांत गर्दीला खेळ कळला. तात्यासाहेबांनी तोंड उघडलं की सगळा नाका ओरडायचा, "दाबा!" शेवटी ते स्वतःच हसले, टोपी काढून काखेत धरली आणि बटण दाबलं. कमान सरळ उभी राहिली. खालचे बोल्ट आवळले गेले आणि मग जो आवाज उठला तो मला अजून छातीत ऐकू येतो. मिरवणुका, मोठमोठे शब्द, हार यांच्याशी माझं कधी जमलं नाही; पण त्या सकाळी मी गर्दीत घसा बसेपर्यंत ओरडले. घोषणा कुठली होती आठवत नाही. दादांच्या अंगात मळलेला शर्ट होता आणि त्यांना अनोळखी माणसं मिठ्या मारत होती, एवढं आठवतं.

गर्दीतून अण्णा आले. काळा कोट, हातात छत्री.

"वसंत, छान झालं. सोमवारी दहाला ये. मी साहेबांना सांगून ठेवलंय."

दादा हुक सोडवत होते. सगळा दोर रस्त्यावर पडलेला. तो सैल गुंडाळला तर आतले वेढे ढिले राहतात आणि पुढच्या वेळी वरचा दोर त्यांच्यात रुतून बसतो. म्हणून कुणीतरी टोक ताणून धरायचं आणि विंचने हळूहळू ओढून घ्यायचं. दादांनी हातातले चामड्याचे मोजे काढले आणि अण्णांपुढे धरले.

"हे घाल. दोर धर. ताण सोडू नकोस."

"मी?"

"माणसं सगळी कमानीखाली नाचतायत. धर."

अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं. छत्री माझ्याकडे दिली, मोजे घातले, दोर धरला आणि काय करायचं असतं ते न कळून सगळ्या अंगाचा भार मागे टाकला. काकांनी बटण दाबलं. ड्रम फिरला, दोर ताठ आणि एकाला एक लागून चढत गेला, आणि अण्णा, ठाकूरद्वारचे हेडक्लार्क, कोटाच्या बाहीला ग्रीस लागलेलं, टाचा रोवत पण एकेक पाऊल पुढे येत, आमच्या ट्रककडे यायला लागले. मध्येच ते हसले. त्यांना हसताना मी क्वचितच पाहिलं होतं.

"वसंता," ते म्हणाले, "हे फार जोरदार आहे रे!"

"सोडा आता अण्णा," काका म्हणाले, "नाहीतर तुम्हालाही गुंडाळू."

अण्णांनी दोर सोडला. सोमवारचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.